शेततळ्यातल्या मासळीला कोंडा अन् ढेप: बचत नेमकी कुठे होते?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी भावाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. जुलैअखेर त्यात कटला, रोहू, मृगळ आणि थोडे गवत्या (ग्रास कार्प) मिळून ६०० बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. दोन महिने तरंगतं गोळी खाद्य घातलं, आता ते परवडत नाही. घरी सोयाबीन, तूर, कापूस, म्हणजे कुटार (मळणीनंतरचा भुसा), चुणी (डाळ भरडताना पडणारी चुरी-टरफलं) आणि सरकीची ढेप (तेल काढून उरलेला चोथा) हाताशी. भाऊजी ट्रकवर असतात, गोंदियाहून येताना राइस मिलचा कोंडा आणू शकतात. यातलं काय घालू, किती घालू आणि कसं घालू?

भाऊ, बचत होईल. पण तुम्ही मनात धरली असेल तेवढी होणार नाही, आणि जरा चुकलात तर उलट खिशातून जाईल. मी भंडाऱ्याकडचा. आमच्याकडे मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, आणि प्रत्येक मोठ्या गावाला एक धानाची गिरणी. कोंडा-ढेपेवर मासे वाढवायला लागून मला बावीस वर्षं झाली. त्यातली पहिली पाच-सहा मी कोंड्याचं पोतं किती रुपयांना पडलं एवढंच बघत होतो. बघायचं असतं ते एक किलो मासळी तयार व्हायला किती रुपयांचं खाद्य गेलं.

आधी हिशेब करू. भाव मी समजा म्हणून धरतो, तुम्ही तुमच्या बाजाराचे घाला. तेल काढलेला कोंडा १८ रुपये किलो, सोयाबीनची ढेप ४५ रुपये. दोन भाग कोंडा आणि एक भाग ढेप कालवली तर मिश्रण २७ रुपयांना पडतं. मीठ, खनिज मिश्रण, दळण धरून ३० म्हणा. तयार गोळी ५० रुपये. वरवर बघता किलोमागे २० रुपये वाचले. पण तयार गोळी साधारण दीड-पावणेदोन किलो खाऊन कार्प, म्हणजे कटला-रोहूच्या कुळातला मासा, एक किलो वाढतो. १.६ धरलं तर ८० रुपये. आपलं मिश्रण पिशवीतून, हिरव्या पाण्यात, मोजून दिलं तर दोन ते अडीच किलोत काम होतं, म्हणजे ६० ते ७५ रुपये. तेच मिश्रण काठावर उभं राहून मुठीमुठीने भिरकावलं तर चार किलो लागतात. झाले १२०. पोतं तेच, मासाही तोच, आणि एका किलोला ६० पडतील की १२० हे खाद्य देण्याच्या रीतीवर ठरलं. तुमच्या तळ्यात अडीचशे किलो मासळी निघेल असं धरा आणि दोन्ही आकडे गुणून बघा.

आता मालाकडे वळू. कोंड्यापासून सुरुवात करतो, कारण फसवणूक सगळ्यात जास्त तिथेच होते.

गिरणीतून निघतो तो सगळाच कोंडा नाही. जुन्या एकेरी हलरच्या गिरणीत भाताचं तूस आणि तांदळावरचा पापुद्रा एकत्रच भरडून बाहेर पडतात. तो माल स्वस्त असतो, पण त्यात तूस निम्म्याहून जास्त. तूस म्हणजे वाळू आणि लाकूड. माशाला त्यातलं काही मिळत नाही, तळ्याच्या तळाशी मात्र ते साचत राहतं. नव्या गिरणीत तूस आधी वेगळं होतं आणि पॉलिशर मारताना जो मऊ, पिवळसर भुगा निघतो तो खरा कोंडा. व्यापारात त्याला पॉलिश म्हणतात. त्यात प्रथिनं १२ ते १४ टक्के आणि तेल १२ ते १८ टक्क्यांपर्यंत.

भाऊजींना सांगा, पोतं उघडून मूठभर कोंडा घट्ट दाबा. चांगल्या कोंड्याचा लाडू वळतो, कारण त्यात तेल असतं. तळहाताला टोचला आणि मूठ उघडताच सुटा झाला तर तूस आहे. चिमूटभर पेल्यातल्या पाण्यात टाकून ढवळा. तूस वर तरंगत राहील, कोंडा भिजून खाली बसेल. थोड्या कोंड्यावर लिंबू पिळा. फसफसला तर चुनखडीची भुकटी मिसळली आहे. आणि शेवटी जिभेवर ठेवा. ताजा कोंडा गोडसर लागतो, कडवट लागला तर खवट झालाय. गिरणीवाला हसेल, हसू द्या. पैसे तुमचे आहेत.

खवटपणाचं कारण समजून घ्या. तांदळाच्या पापुद्र्यात तेल आणि ते तेल फोडणारं विकर (एन्झाइम) दोन्ही असतात, पण दाणा शाबूत असेपर्यंत एकमेकांपासून वेगळी. पॉलिशरमध्ये ती एकत्र येतात आणि त्याच तासापासून तेल बिघडायला लागतं. साध्या, अरवा तांदळाचा कोंडा आठ दिवसांच्या वर मी ठेवत नाही, पावसाळ्यात तर तेवढेही नाही. उकड्या तांदळाचा कोंडा जास्त टिकतो, कारण वाफेत ते विकर मरून गेलेलं असतं. गोंदियाकडे उकडा काढणाऱ्या गिरण्या आहेत, तिथला मिळाला तर तोच घ्या. आणि तुमच्यासारख्या लांबच्या माणसाने, महिन्याचा माल एकदम भरायचा असेल तर, तेल काढलेला कोंडा घ्यावा. सॉल्व्हंट कारखान्यातून येतो, प्रथिनं १५ टक्क्यांच्या आसपास, तेल जेमतेम एक टक्का, आणि कोरडी जागा असेल तर दोन महिने सहज राहतो. आंध्रात कोल्लेरू सरोवराच्या भोवतीचे हजारो एकर मत्स्यतलाव वर्षानुवर्षं याच कोंड्यावर चालले. तिथला रोहू बर्फात घालून कलकत्त्यापर्यंत जातो.

नुसत्या कोंड्यावर मात्र मासा वाढत नाही. वाढीच्या कार्पला खाद्यात २२ ते २८ टक्के प्रथिनं हवीत, बोटुकलीला त्याहून जास्त. ती उणीव ढेप भरून काढते. (पुण्या-नाशिककडचे वाचक तिला पेंड म्हणतात, वस्तू एकच.)

तुमच्या भागात सगळ्यात सोयीची सोयाबीनची. कारखान्यातून तेल काढून, वाफ देऊन आलेल्या ढेपेत ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. वर दोन भाग कोंडा आणि एक भाग ढेप का म्हटलं ते बघा: पंधरा दुणे तीस, अधिक पंचेचाळीस, झाले पंचाहत्तर, भागिले तीन. पंचवीस टक्के. कोणताही माल असो, हा भागाकार पोतं घेण्याआधी करायचा.

घरचं सोयाबीन कच्चं दळून घालू नका. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. मासा खातो, पोट भरतं, पण वाढत नाही. चांगलं भाजून किंवा उकडून, मग भरडून घाला. यात प्रथिनं ३८ ते ४० टक्के आणि तेल १८ ते २० टक्के, त्यामुळे मिश्रणात पाचवा हिस्सा पुरे. मी एरवी म्हटलं असतं की दाणा विका आणि ढेप घ्या. पण २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजार समित्यांत शेतकऱ्याने त्याच्या बऱ्याच खाली विकलं. असं वर्ष असेल तर डागी, फुटका दाणा भाजून माशालाच घातलेला बरा. बुरशी आलेला नाही, तो बाजूला काढा.

शेंगदाण्याची ढेप माशाला सगळ्यात प्रिय. वासाने धावत येतात, आणि प्रथिनं ४० ते ४५ टक्के. धोका एकच, अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष. या विषाचा शोधच मुळी शेंगदाण्याच्या ढेपेतून लागला. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले, आणि कारण निघालं ब्राझीलहून आलेली ढेप. त्याच सुमाराला अमेरिकेत ट्राउट माशांना यकृताचा कर्करोग होऊ लागला, तिथे सरकीची ढेप सापडली. आपला कार्प ट्राउटएवढा नाजूक नाही. तरी कल्ले फिके पडणं, वाढ खुंटणं, चिरून बघितलं तर काळीज पिवळट दिसणं हे मी स्वतःच्या तळ्यात बघितलंय. एका व्यापाऱ्याने पावसात भिजलेली ढेप वाळवून गळ्यात मारली होती आणि मी स्वस्त मिळाली म्हणून खुशीत होतो. उन्हात वाळवल्याने किंवा शिजवल्याने बुरशी मरते, विष राहतं. हिरवट-काळे ठिपके, कुबट वास, आत गरम लागणारं पोतं असलं काही असेल तर ती ढेप गाईलाही घालू नका. विष दुधात उतरतं.

सरकीची ढेप तुमच्याकडे घरोघरी, म्हणून तुम्ही पहिला हात तिलाच घालणार. थोडं थांबा. गुरांसाठी मिळते ती छिलक्यासकट गाळलेली असते, प्रथिनं फक्त २० ते २४ टक्के आणि तंतू भरपूर. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. गाय रवंथ करते, तिच्या पोटात ते बरंचसं निकामी होतं. माशाला ती सोय नाही. मी शंभर किलो मिश्रणात दहा किलोच्या वर सरकी जाऊ देत नाही, आणि प्रजननासाठी ठेवलेल्या मोठ्या माशांना अजिबात देत नाही. दुसरं म्हणजे ढेपेत युरियाची भेसळ. थोडा युरिया गाय पचवते. माशाच्या तो कामाचा नाही, उलट पाण्यात अमोनिया वाढवतो.

तिळाची ढेप मिळाली तर थोडी जरूर घाला. सोयाबीन आणि शेंगदाणा दोन्हीत मिथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, तिळात ते भरपूर. जवसाची दहा टक्क्यांच्या आत. तुरीची चुणी डाळमिलच्या हातावर अवलंबून. अकोला-लातूरकडच्या मिलमधून कधी निम्मी डाळीची चुरी असलेली चुणी येते, कधी नुसती टरफलं. चुरी जास्त असेल तर कोंड्याच्या वाट्यातला चौथा हिस्सा चुणीने भरा, टरफलं असतील तर बकऱ्यांना घाला. हल्ली धान्यापासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्यांतला डीडीजीएस नावाचा तपकिरी भुगा बाजारात आलाय. तांदळाचा असेल तर प्रथिनं ४० च्या वर, मक्याचा असेल तर २६ ते ३०. माल चांगला आहे, पण एक लक्षात ठेवा: धान्यातली पिठूळ बाजू दारूत गेली की मागे उरतं ते साधारण तिसरा हिस्सा, आणि मूळ मक्यात बुरशीचं विष असेल तर तेही तिप्पट दाट होऊन मागे राहतं. शंका आली तर सोडून द्या.

आणि मोहाची ढेप. ती घालायचीच नाही. मागे गडचिरोलीकडच्या एका तरुणाने ‘स्वस्त मिळाली’ म्हणून मोहाची ढेप माशांना चारायला आणली होती. त्यातलं सॅपोनिन माशाच्या रक्तातल्या पेशी फोडतं. मत्स्यबीज सोडण्याआधी तळ्यातले मरळ-शिंगाड्यासारखे शिकारी मासे काढून टाकायला आपण हीच ढेप वापरतो, हजार लिटर पाण्याला पाव किलो, आणि मग पंधरा-वीस दिवस थांबून बीज टाकतो, कारण तेवढ्यात विष उतरून तिचं खत होतं. जी वस्तू तळं रिकामं करायची, ती तळ्यात चारा म्हणून टाकायला निघाला होता पोरगा. एरंडी, करंज आणि निंबोळीची ढेपही तळ्याबाहेरच.

राहिलं कुटार. तुमचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच असणार, कारण ते फुकट आहे आणि ढीगभर आहे.

मासा रवंथ करत नाही. गाईच्या पोटात तंतू कुजवणाऱ्या जिवाणूंचा कारखाना आहे, माशाचं आतडं म्हणजे नुसती एक नळी. सोयाबीनचं कुटार माशाला चारून काही होत नाही, हे मलाही माहीत होतं. पण माझी अक्कल त्याच्या पुढची. मासा खाणार नाही, पण कुजून पाणी तर हिरवं होईल ना? पाण्यात बारीक जीव वाढतील, ते कटला खाईल. विचार चुकीचा नव्हता, प्रमाण चुकलं. एका वर्षी पोळ्याच्या आधी, गेल्या हंगामाचं उरलेलं दोन बंड्या (बैलगाड्या) कुटार मी एकरभराच्या तळ्यात ओतलं. मग तीन दिवस आभाळ. चौथ्या दिवशी पहाटे पाच वाजता राखणदार बोलवायला आला. सगळं तळं तोंडं वर करून ‘आ’ करत होतं. कटला आणि चंदेरी (सिल्व्हर कार्प) आधी गेले, त्यांना कमी ऑक्सिजन सोसत नाही. मृगळ तग धरून राहिला. सकाळी आठपर्यंत दोन क्विंटलच्या वर मासळी काठाला लागली होती.

झालं काय ते सांगतो. कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन खातात, रात्रंदिवस. पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन बनवतं, पण फक्त उन्हात, आणि रात्री तेही खाणाऱ्यांत सामील होतं. म्हणून सूर्य उगवायच्या आधी पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. आभाळ असलं की दिवसाची कमाई थांबते आणि खर्च चालूच राहतो. तुमच्या मिश्रणातला जो भाग मासा खात नाही, त्याचंही पाण्यात हेच होतं. वाया गेलेलं खाद्य नुसतं पैशाचं नुकसान करून थांबत नाही. ते तळाशी बसून तुमच्या माशाच्या वाटचा ऑक्सिजन खात असतं.

म्हणून कुटाराचा रस्ता असा: गाईला, बकरीला घाला. शेण पाण्यात कालवून त्याची रबडी तळ्यात, तुमच्या एवढ्या क्षेत्राला आठवड्याला पंधरा किलो ताजं शेण, तेही दोन हप्त्यांत. प्लास्टिकच्या तळ्याला मातीचा तळ नसतो, आपोआप खत मिळत नाही, त्यामुळे एवढं लागतंच. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा. कोपर बुडता बुडता तळवा दिसेनासा झाला तर पाणी बेताचं हिरवं आहे. त्याआधीच तळवा गायब झाला तर शेण बंद. तळ स्वच्छ दिसत असेल तर अजून लागेल. याच पाण्यावर ठिबक चालवत असाल तर फिल्टर रोज धुवावा लागेल, ही कटकट आत्ताच सांगून ठेवतो. हिरवं पाणी आणि ठिबक यांचं जमत नाही.

तुमच्या तळ्यात गवत्या आहे, तर हिरव्या चाऱ्याचा हिशेब वेगळा. लसूणघास, कोवळं नेपियर, कोबी-फ्लॉवरची पानं, केळीचं पान हे सगळं तो खातो, आणि लागलाच तर दिवसाला स्वतःच्या वजनाच्या निम्मंसुद्धा. तीस-चाळीस किलो ओला चारा गेला की एक किलो वाढतो. त्यातलं निम्मं अर्धवट पचून बाहेर पडतं आणि ते शेणासारखं पाण्याच्या कामी येतं. एक गवत्या तीन चंदेरींना पोसतो, असं चीनमधले मत्स्यपालक म्हणतात ते यासाठीच. बांबूची चौकट करून पाण्यावर तरंगती ठेवा, चारा त्यातच टाका, दुसऱ्या दिवशी उरलेले देठ काढून घ्या. गवत्या एक वीतभर झाल्याशिवाय हे सुरू करू नका. आणि चारा फवारणीचा नको. बाजारातली कोबीची पानं मी घेत नाही. कापसावर मारतात त्या सायपरमेथ्रिनच्या जातीतली औषधं माशाला फार वाईट, थेंबाथेंबाने मारतात. फवारणीचा पंप तळ्यावर धुणाऱ्या गड्याला आधी समजावा.

आता देण्याची रीत, जिच्यावर साठ की एकशेवीस ते ठरतं.

ढेप रात्रभर भिजत घाला, फुगून मऊ होते. सकाळी त्यात कोंडा, शंभराला एक किलो मीठ, एक किलो खनिज मिश्रण घालून ओलसर कालवा. मुठीत दाबलं तर वळेल आणि पाणी गळणार नाही इतपत. हे पिशवीत भरायचं. कोंड्याचंच प्लास्टिकचं पोतं घ्या, खताचं नको. बुडाशी तापवलेल्या सळईने पेन्सिल जाईल एवढ्या भोकांच्या दोन ओळी पाडा. आंध्रात तळ्यात बांबू रोवून त्याला पोती बांधतात. तुमच्याकडे बांबू रोवलात तर प्लास्टिक फाटेल. म्हणून या काठापासून त्या काठापर्यंत नायलॉनची दोरी ताणा आणि तिला पोती अशी लटकवा की बूड पाण्याखाली हातभर राहील. मासे पोत्याला तोंडाने ढुशा देतात आणि भोकांतून येतं तेवढंच खातात. पहिले तीन-चार दिवस बुजतील, मग पोतं पाण्यात पडायच्या आधीच गोळा होतील.

रोज त्याच जागी, त्याच वेळी. सकाळी नऊनंतर, ऊन पाण्यावर आल्यावर. पहाटे कधीच नाही. अडीच-तीन तासांनी पोती वर ओढा. रिकामी असतील तर उद्या थोडं वाढवा, पाव भाग उरला असेल तर उद्या तेवढं कमी. उरलेलं पुन्हा पाण्यात सोडायचं नाही, आणि पोतं रोज धुऊन उन्हात टाकायचं; आतून बुळबुळीत झालं की मासा फिरकत नाही.

घरी शेवयांचं किंवा खिम्याचं यंत्र असेल तर आणखी एक करता येतं. कणी शिजवून तिची पेज चिकटवायला घ्यायची, त्यात बारीक चाळलेलं मिश्रण मळून शेवेसारखं पाडायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. आमच्या घरी कुरडईचा साचा माशांच्या कामाला गेला, त्यावरून काय काय ऐकून घ्यावं लागलं ते लिहीत नाही. हे बुडतं खाद्य ताटलीत ठेवून पाण्यात सोडावं. कष्ट जास्त, नासाडी कमी. घरात माणसं असतील तर करा, मजूर लावून करू नका.

किती घालायचं? दर पंधरा दिवसांनी फेकजाळं टाकून वीस मासे काढा, एकत्र तोला. समजा दोन किलो भरले, म्हणजे सरासरी १०० ग्रॅम. सहाशेपैकी ४८० जिवंत धरा. तळ्यात ४८ किलो मासळी आहे. तिच्या चार टक्के, म्हणजे रोज दोन किलो मिश्रण, कोरडं असताना मोजलेलं. दोन पोत्यांत एकेक किलो. सरासरी ३०० ग्रॅमला आली की अडीच टक्के, म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास. अर्धा किलोच्या पुढे दोन टक्के. ‘जास्त घातलं तर लवकर वाढेल’ असं वाटेल तेव्हा माझ्या दोन बंड्या आठवा.

आभाळाच्या दिवशी निम्मं. सलग दुसऱ्या दिवशी आभाळ असेल तर काहीच नाही. मासा दोन दिवस उपाशी राहिल्याने मरत नाही. पहाटे मासे तोंड वर काढताना दिसले तर मोटर लावून तळ्यातलंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा आणि सूर्य वर येईपर्यंत बंद करू नका.

तुमच्या परिस्थितीत मी असतो तर गोळी खाद्य एकदम तोडलं नसतं. बोटुकलीला पहिले दोन महिने ती खरंच परवडते, कारण लहान मासा खातो थोडं आणि वाढतो भराभर. तुम्ही ते केलंत ते योग्य केलंत. आता आठ दिवस निम्मी गोळी आणि निम्मं मिश्रण, मग पूर्ण मिश्रण. प्लास्टिकच्या तळ्यात मृगळाला चिखल मिळत नाही, तो मागे पडेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वर्षी मृगळ कमी करून रोहू वाढवा. पंगस किंवा तिलापिया टाकायचा विचार असेल तर हे उत्तर लागू नाही, त्यांना दाट बीज सोडतात आणि तिथे गोळीशिवाय जमत नाही. बायोफ्लॉकच्या (पाण्यात जिवाणूंचे पुंजके वाढवून दाट मासे पाळायच्या) टाकीत तर कोंडा टाकूच नका.

डिसेंबरात पाणी गार झालं की भूक मंदावते. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की मी निम्म्यावर येतो आणि दुपारी बाराच्या सुमाराला देतो. आणि तुमच्या तळ्याचं खरं दुखणं त्यानंतर सुरू होतं: जानेवारीत तुम्ही हरभऱ्याला, गव्हाला पाणी सोडणार. तळं तीन मीटरवरून दीडवर आलं की मासे तेवढेच, पाणी निम्मं. तेव्हा कुणी कितीही सांगितलं तरी ‘आता वजन वाढवून घेऊ’ म्हणून पोत्यात भर घालू नका. अर्धा किलोच्या वरचे मासे आठवड्याच्या बाजाराला दहा-पंधरा किलो असे काढत चला. ज्या दिवशी पहिली काढणी कराल, त्या दिवसापासून उरलेल्या मासळीच्या वजनावर नवा हिशेब मांडा आणि पोत्यात तेवढंच कमी भरा.